एडक्याचं दूध

वाटणीत धाकट्या दिराने दुधाच्या साठच्या साठ मेंढ्या स्वतःकडे ठेवल्या आणि विधवा भावजयीच्या हातात म्हाताऱ्या एडक्याची दोरी दिली. "घ्या वहिनी, याचं दूध काढा," म्हणाला आणि स्वतःच पोट धरून हसला.

तिने दोरी घेतली. इंजेक्शन न टोचता सगळा कळप एकदम माजावर कसा आणायचा, हे दिराला तिनेच शिकवलं होतं. सगळ्या एकदम गाभण राहून एकदम व्यायल्या, तरच कॅन भरतात आणि चीजवाल्यांची गाडी दूध न्यायला दारात थांबते. दोन महिने मेंढ्यांना एडका दिसू द्यायचा नाही, त्याचा वासही लागू द्यायचा नाही. मग अचानक नवा एडका आत सोडायचा. दिराने नेहमीप्रमाणे अर्धंच ऐकलं होतं. एडका दिसू नये एवढंच लक्षात ठेवून त्याने दोघांच्या आवारांच्या मध्ये उंच भिंत घातली आणि निर्धास्त झाला.

ती रोज सकाळी भिंतीच्या अलीकडे, वारा पलीकडे वाहत जाईल अशा जागी एडका बांधायची आणि दुपारपर्यंत त्याची लोकर विंचरत बसायची.

दिराचा नवा एडका आला. पण मेंढ्या आज एक, आठवड्याने दोन, अशा माजावर आल्या आणि तशाच मागेपुढे व्यायल्या. कॅन कधी भरेना. चीजवाल्यांची गाडी दारावरून न थांबता जाऊ लागली.

एक दिवस भिंतीवरून त्याचं उतरलेलं तोंड डोकावलं. "वहिनी, रोज इथे बसून करता तरी काय?"

तिने हातातली फणी थांबवली नाही.

"दूध काढतेय, भाऊजी. तुम्हीच सांगितलं होतंत."