गळ्याखालची पिशवी

कोवळ्या उन्हात सुनंदा कोंबड्याला मांडीवर घेऊन बसली होती. सुकं गवत गिळून त्याची गळ्याखालची दाण्यांची पिशवी तुंबली होती. ती रोज कोमट खोबरेल पाजून पिशवी हलकेच चोळायची. चोळता चोळता त्याचे डोळे मिटत, त्याच्या उबेने तिचेही. मग वाटे, आपण दोघं एकाच होडीत डुलतोय.

आज पिशवी रिकामी, मऊ लागली. ती हसली. मग तिला आठवलं, बरा झाला की हाच कोंबडा गावच्या राखणदार देवाला राखण म्हणून कापून द्यायचा होता.

तिने भिजवलेले तांदूळ त्याच्यापुढे ओतले. तो खातच राहिला. पिशवी पुन्हा टम्म फुगली.

सासरे कोयती घेऊन आले. "बरो झालो मा कोंबो?"

"नाय मामंजी. पिशवी अजून भरलेलीच आसा."

त्यांनी चाचपून पाहिलं. अंगठ्याखाली दाणे सरकले. कोंबडा तिच्या मांडीवर पेंगत होता. त्यांनी कोयती कमरेला खोचली.

"आजारी कोंबो राखणेक चलणा नाय," ते म्हणाले. "नारळ देऊया."

जाता जाता ते वळले. "आणि तेका तांदूळ जरा कमी घाल."