आतल्या फळ्या

बजरंगरावांनी जुन्या व्हॅनचं फिरतं घर करायला घेतलं आणि आतून प्लायवुडच्या फळ्या एकट्यानंच बसवल्या. "सुतार काय संपावर गेलेत व्हय?" तारामतीबाईंनी विचारलं होतं. गुटखा सोडल्यापासून नवऱ्याला एवढा उत्साह कुठून आला, याचाच त्यांना संशय होता.

पहिल्याच सहलीत, बिदरहून लातूरला परतताना, पोलिसांनी व्हॅन अडवली. "लोकं फळ्यांमागं गुटखा भरून आणायलेत, काका," म्हणत हवालदारानं पेचकस मागितला आणि एक फळी उघडली.

आतून एकच पुडी पडली.

"एवढीच व्हय? जावा खुशाल," हवालदार हसला.

तारामतीबाई खाली उतरल्या.


"साहेब, तुमचं झालं असंल तर तो पेचकस इकडं द्या."