दाबलेलं कापड

“फ्रॉकची उंची साडेसव्वीस,” मास्तरीण फोनमध्ये म्हणाली. टेपवर एकोणतीस होते.

“साडेसव्वीस?” पलीकडून मास्तरांनी विचारलं.

“साडेसव्वीस म्हणजे साडेसव्वीस. मला अजून चष्मा लागलेला नाही.”

पिटुकलीने तोंडावर हात दाबून हसू आवरलं. नऊ वर्षांची झाली होती ती, आणि या खोट्यात आईची भागीदार होती.

तिचे बाबा, टेलर मास्तर, परदेशात गणवेशांच्या एका दुकानात शिवणकाम करायचे. पूर्वी दरवर्षी महिनाभर सुट्टीवर यायचे. आले की बॅग दाराबाहेरच ठेवून खिशातला टेप काढायचे. पोरीला दारात उभी करायची, माप घ्यायचं, मग चहा. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कात्री चालवायची नाही, हा त्यांचा बाणा. मग साथ आली, देशोदेशींची दारं लागली, आणि तो बाणा गुंडाळून ठेवावा लागला. अडीच वर्षं झाली. फ्रॉक पार्सलने येत राहिले. कापडाला सीमा ओलांडता येत होती, शिवणाऱ्याला नाही.

तसं म्हटलं तर शिवणाऱ्यालाही येत होती, पण एकाच बाजूने. तिकडचा नियमच होता, बाहेर पडलेल्या परक्या माणसाला पुन्हा आत घ्यायचं नाही. दुकानातले तीन कारागीर ‘आईला बघून येतो’ म्हणून गेले, ते गेलेच. त्यांच्या मशीनांवर आता कापडाचे तागे रचून ठेवले होते. आणि इथली चूल तर मास्तरांच्या मशीनवर पेटत होती.

पहिल्या वर्षी मास्तरणीने माप खरं सांगितलं होतं. सव्वीस. मास्तर म्हणाले, “माझ्या माघारी इंचभर वाढली. मरू दे ती नोकरी, मी येतो.” त्यांची समजूत घालता घालता तिच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून तिने ठरवून टाकलं. पोरीला वाढायचं तेवढं वाढू दे, मास्तरांच्या कानावर अर्ध्या इंचाच्या वर जाता कामा नये.

निभावलं ते मास्तरांच्याच सवयीमुळे. वाढतं अंग म्हणून प्रत्येक फ्रॉकला खाली तीन इंच कापड ते आत दाबून ठेवायचे, बाजूंनाही थोडं. पार्सल आलं की मास्तरीण दुपारी ब्लेड घेऊन बसायची, टाके उसवायची, दाबलेलं कापड मोकळं करून पुन्हा शिवायची. फ्रॉक अंगाला बेतशीर व्हायचा. मास्तरांना फोनवर पोरगी दाखवायची ती मात्र मांडी घालून बसलेलीच.

“आई, बाबांना वाटेल मला पायच नाहीत.”

“वाटू दे.”

“खांदा?” मास्तर विचारत होते. मागे मशीनांची घरघर चालू होती.

“अर्धा इंच वाढलाय. छातीही अर्धाच.”

“अगं, पोरं आधी उंच होतात, मग भरतात. तुझी सगळीकडून सारखीच वाढतेय. मुलगी आहे की भोपळा?”

मास्तरीण हसली. जरा जास्तच मोठ्याने हसली.

“बरं, दाखव भोपळा.”

तिने कॅमेरा सुरू केला, फोन डब्याला टेकवून ठेवला आणि पोरीला समोर बसवलं. दोन मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग पिटुकलीला काय आठवलं कोण जाणे, “बाबा, माझं चित्र!” म्हणत ती उठली, मागच्या कपाटापाशी गेली, कडी काढली, कागद घेऊन आली.

“पिटू, बस खाली!” मास्तरीण ओरडली.

“छान आहे हो चित्र,” मास्तर म्हणाले.

पोरीने चित्र उलटं धरलं होतं.

दीड महिन्याने पार्सल आलं. निळा फ्रॉक, पांढरी कॉलर. मास्तरणीने ब्लेड हाताशी घेतलं आणि सवयीने आधी पोरीच्या अंगाला फ्रॉक लावून पाहिला. उसवायचं काहीच नव्हतं. खांदे जिथल्या तिथे. खालची कड बरोबर गुडघ्यावर. तिने घेराची कड उलटून पाहिली. आत बोटभरसुद्धा कापड दाबलेलं नव्हतं. बाजूंना जेमतेम टाके धरण्यापुरतं. नवशिक्याने शिवावा तसा फ्रॉक, आणि तो मास्तरांच्या हातचा!

तिने फोन लावला. आज मागे मशीनांचा आवाज नव्हता.

“बसला?” मास्तरांनी विचारलं.

“बसला.” ती अडखळली. “पण मी तर साडेसव्वीस सांगितलं होतं.”

“तू सांगितलंस, मी ऐकलं. बेतताना मात्र त्या कपाटाच्या कडीला विचारलं. मीच बसवलीय ती, जमिनीपासून बेचाळीस इंचांवर. अडीच वर्षांपूर्वी पोरीच्या हनुवटीला लागायची, आता खांद्याला लागते.”

पकडले गेल्यावर माणसं एक तर रडतात, नाही तर भांडतात. मास्तरणीला भांडणं जास्त सोपं वाटलं.

“एवढं जर कळतं, तर आत कापड का नाही दाबलंत? चार महिन्यांत पुन्हा उंच होईल ती. तेव्हा मी काय सोडू खाली?”

“काही सोडू नकोस,” मास्तर म्हणाले. “तिला दारात उभी करून ठेव. पुढचं माप मी घेणार आहे.”