खणाची कुंची

देगलूरच्या उमादेवीअक्कांचं नेट रोज संध्याकाळी अडकायचं, ते बी नेमका परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल लागला की. केबलवाल्या सोमेशनं वायर तपासली, जोड बदलले. शेवटी जुना मोडेम काढायला त्यानं फडताळात हात घातला आणि तसाच थांबला. मोडेमला खणाची कुंची घातलेली होती. आतला हिरवा दिवा झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखा हलके हलके लुकलुकत होता.

"अक्का, ह्यानंच तापून राहिला हा. झाकायचं नसतंय ह्याला."

"नातीसाठी शिवली होती. लेक म्हनली, पाठवू नको, इथं घरात हीटर हाय." अक्कांनी कुंचीची नाडी सारखी केली. "नातीचा आवाज आला की ह्याच्यावर हात ठेवते. ऊब लागती."

सोमेशनं नवा मोडेम बसवला. "हा अजिबात तापत न्हाई," हे सांगता सांगता त्याचा आवाज खाली आला.

जुना मोडेम अक्कांनी कुंचीसकट मांडीवर घेतला. फोनवर नात पहिल्यांदाच न अडकता हसली. अक्का तिला "हां गं बाई" म्हणाल्या; हात मात्र मांडीवरच्या कुंचीला थोपटत राहिला, आतली ऊब सरेपर्यंत.