दोन माणसांचं मशीन

शेवगावच्या दुकानात काउंटरवर दोन मशीनं मांडली होती. एक बॅटरीचं, ड्रिलसारखं हातात धरायचं. दुसरं हायड्रॉलिक. त्याच्या एका टोकाला जबडा, मध्ये लांब नळी आणि दुसऱ्या टोकाला दांड्याचा पंप. काम दोन्हींचं एकच, सोलरच्या पाइपावर जोड आवळून बसवायचा.

वाल्मिक हायड्रॉलिकपाशीच घुटमळत होता. प्लंबिंगमधली उमेदीची सगळी वर्षं त्यानं असल्याच मशीनवर घालवली होती. उन्हाळ्यापासून मात्र तो ते एकट्यानं चालवत होता. जबडा काखेत दाबून धरायचा, पायानं पंप मारायचा. गेल्या आठवड्यात पाथर्डीत जबडा घसरला, जोड कच्चा राहिला आणि गिऱ्हाइकाच्या नव्या घराच्या छताला ओल आली. त्यांनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं.

"बॅटरीचं घ्या, दादा," दुकानदाराची सून निकिता म्हणाली. "एकट्याला पुरं पडतं."

"आमच्याकडं लायटीचा भरवसा न्हाई, ताई. हे कुठंबी चालतं."

"चालतं. पण त्याला दोघं लागतात. तुमच्यासंगं कोण असतं?"

वाल्मिकनं हायड्रॉलिकचा जबडा उचलून हातात घेतला.

"बघा तरी चालवून." निकितानं पाइपाचा तुकडा त्याच्यापुढं सरकवला आणि पंपाचा दांडा स्वतःच धरला.

त्यानं जोडावर जबडा बसवला. दांडा खालीवर होऊ लागला. नळीतून तेल सरकताना होणारी थरथर मनगटापर्यंत आली. कितीतरी दिवसांनी जबडा त्याच्या दोन्ही हातांत होता, सरळ, न हलता. पंपाची लय मागून कुणीतरी सांभाळत होतं. त्याला मान वळवून बघायचीसुद्धा गरज नव्हती. जोड आवळत आला. जबड्याची टोकं भिडली.

"बास, मने," तो म्हणाला.

दांडा थांबला.

"मने कोण?"

"मनकर्णा. माझी मालकीन."

"मग त्यांनाच आणा की जोडीला."

वाल्मिकनं पाइप जबड्यातून सोडवला. जोडावरून अंगठा फिरवला. पक्का बसला होता.

"चैतात गेली ती," तो म्हणाला. "बॅटरीचंच बांधा."

दुसऱ्या दिवशी तिसगावात वैजनाथ नावाच्या बागायतदाराच्या घरी काम होतं. दुपारपर्यंत गच्चीवरची लाइन जोडून झाली. बटण दाबलं की मशीन गुरगुरायचं, जोड आवळायचं आणि आपसूक थांबायचं. कुणाला थांब म्हणावं लागत नव्हतं. टाकीतून पाणी सोडलं तर एकाही जोडाला थेंब नाही.

वैजनाथ चहा घेऊन वर आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"एकट्यानंच केलं एवढं?"

"व्हय. ह्या मशीनला दुसरं मानूस लागत न्हाई."

"लई चांगली सोय झाली की," वैजनाथ म्हणाला.