झांज्याची लस
या, मायबाप, पुढे सरकून बसा, झांज्याची गोष्ट सांगतो. साक्रीच्या कमलबाईंचं हे कुत्र्याचं पिल्लू कीर्तनात झांजेशेजारी निजायचं. त्याला हर्नियाच्या ऑपरेशनला नेताना त्यांनी बर्फाच्या थर्मासमधून पार्व्हो रोगाची लसही नेली. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, “भुलीत टोचलेली लस अंगी लागत नाही, अक्का. टाके सुकल्यावर आणा.” टाके सुकले, लसीचा वार ठरला आणि आदल्याच दिवशी पार्व्होनं झांज्या गेला. ठरल्या वारी कमलबाई थर्मास घेऊन एकट्याच आल्या. डॉक्टर हळहळले, “त्या दिवशीच टोचायची. भुलीनं लस वाया जात नाही.” कमलबाईंनी थर्मास कंपाउंडरपुढे आपटला. “तुले कोनी सांगं?” “सगळेच म्हणतात, अक्का.” “बठ्ठा म्हनतस म्हनीसन माले परत धाडं?” दुसरं पिल्लू ऑपरेशनला आलेलं. त्यांनी त्याचा पंजा धरला. “याले आधी लस टोच.” मायबाप, तुमचं पिल्लू ऑपरेशनला न्याल तेव्हा झांज्याला आठवा.