मिस्त्रींचा कान

"गेला," मिस्त्री म्हणाले. "गेला आवाज, मावशी."

टिक.

टायरांच्या चळतीवर बसून इतिहास पाठ करणाऱ्या त्यांच्या मुलीने मान वर केली. वर्कशॉपच्या आवारात पिकअप गोल फिरत होती, फोर-व्हील टाकलेली, पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी. मिस्त्री पुढच्या उजव्या चाकाशी वाकून चाकाबरोबर चालत होते. आवाज तिथूनच आला. टिक. अर्ध्या फेऱ्याने पुन्हा टिक. वर्गात मागे बसून कुणी बॉलपेनचं बटण दाबत राहावं तसा.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मावशीने गाडी थांबवली. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. गिअरशी कडाकडा भांडत गाडी चालवायची म्हणून सगळा रस्ता तिला गिअरमावशी म्हणायचा. वरच्या वस्तीतली बारा पोरं ती रोज मागे बसवून शाळेत आणायची.

"नक्की ना?" तिने खिडकीतून डोकं काढलं. "तिसरी खेप आहे माझी. दोनदा तुम्ही 'गेला' म्हणालात, दोनदा वळणावर परत हजर. इथे इंजिनापुढे मला काही ऐकू येत नाही. वर कातळ खिडकीजवळ आला की आवाज त्याच्यावर आपटून परत येतो, मग टिकटिक, टिकटिक. गाडीने घड्याळ गिळलंय जसं काही!"

"बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं. आता काय मांडीवर घेऊन थोपटू तिला?"

"थोपटा की. पण उद्या परीक्षा आहे पोरांची, आणि वर घोटाभर चिखल. ऐन चढावर पुढची चाकं सुटली तर..." मावशीने वाक्य तिथेच सोडलं. "जाऊ दे. तुम्ही म्हणता ना, मग गेला."

तिने हात किल्लीकडे नेला.

त्या बारांमधली एक मिस्त्रींच्या मुलीच्या बाकावर बसायची. गाडीत तिची जागा ठरलेली होती, अगदी मागे, फळीला टेकून.

"बाबा, येतोय अजून आवाज."

"काय?"

"आवाज येतोय!"

"नीट बोल जरा. हल्ली फार पुटपुटतेस तू."

ती हसणार होती. शाळेत तिला भोंगा म्हणायचे. मैदानावरच्या पोरांना बोलवायचं असलं की खेळाचे सर शिट्टी खिशात ठेवून तिलाच हाक मारायला लावायचे. भोंगा पुटपुटतो?

मग तिला हसू आलं नाही. परवा बाबांच्या खिशातला फोन दोनदा वाजून थांबला होता आणि ते शांतपणे जेवत होते.

वर्कशॉपच्या पाटीवर नाव नव्हतंच. नुसता एक भलामोठा कान रंगवलेला होता. गाडी वळणावर असतानाच मिस्त्री तिचं दुखणं सांगायचे, म्हणून. दुसरे मिस्त्री अडले की फोन इंजिनापाशी धरून त्यांना ऐकवायचे. आता ओरडून सांगितलं, तर मावशीला कळणार आणि उद्या सगळ्या रस्त्याला. गप्प बसलं, तर पिकअप चढावर.

ती उडी मारून उतरली आणि बाबांना आपलं तोंड नीट दिसेल अशी समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, एकदा जॅकवर घेऊ या. आवाज गेला हे ओळखायचं कसं, मला शिकायचंय."

"आज? उद्या पेपर आहे ना तुझा?"

"घ्या हो," मावशी म्हणाली. "पोर शिकतेय तर."

पुढची दोन्ही चाकं उचलली. इंजिन बंद झालं. मिस्त्री चाकाशी उकिडवे बसले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकामागच्या लोखंडाला लावून त्याची मूठ त्यांनी कानाशी धरली. मुलीने चाक हळूच फिरवलं.

टिक.

मिस्त्रींचा चेहरा कोरा. त्यांनी मूठ दुसऱ्या कानाला लावली.

टिक.

"बघ, काही ना..." त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली आणि शब्द तोंडातच राहिला.

एका हाताने चाक फिरवत तिने दुसऱ्या हाताचं बोट बाबांच्या गुडघ्यावर ठेवलं. चाकाने टिक केलं की बोटाने ठोका. टिक, ठोका. टिक, ठोका. मावशी मागे लांब उभी होती, तिथवर टिक पोचत नव्हती, तिला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.

मिस्त्रींनी त्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानावरून काढला, टोक लोखंडालाच ठेवून मूठ दातांत घट्ट धरली आणि डोळे मिटले.

तिने चाक फिरवलं. तिचं बोट टेकायच्या आत मिस्त्रींचा हात वर गेला. पुन्हा फिरवलं. पुन्हा वर, बरोब्बर.

"हब," ते मूठ दातांतून काढत म्हणाले. "बेअरिंगचा दोष नव्हताच. चाकाला इंजिनाशी जोडणारे हबमधले दाते झिजलेत. अर्धेच बसतात आणि सुटतात. चढावर पुढची चाकं ओढायचीच थांबली असती." त्यांनी मावशीकडे वळून पाहिलं. "दोनदा चुकलो, मावशी. संध्याकाळपर्यंत बदलून देतो."

मावशी कपाळ पुसत खाली बसली. काळजी उतरली तशी तिची जीभ सैल झाली.

"पण काय हो मिस्त्री, दातांनी ऐकता? पाटीवर तर कान काढलाय!"

"कान काय, सगळ्यांनाच असतात," मिस्त्री म्हणाले.

मावशी खो खो हसली. मिस्त्री हसले नाहीत. ते उठून पलीकडे गेले, दुसऱ्या चाकाशी उकिडवे बसले. मुलगीही शेजारी येऊन बसली. मग त्यांनी तिचं बोट धरून, मावशीला दिसणार नाही असं, आपल्या गुडघ्यावर ठेवलं.

"हं," ते म्हणाले. "आता डावं."